घासलेली बरणी

"ही कुणी धुतली?"

पावमावशीने हे इतक्या हळू आवाजात विचारलं, की चर्चच्या स्वयंपाकघरात कपबश्या पुसत बसलेल्या दोघी बायकांना वाटलं, मावशी खूश झाली. त्या दोघी मंडळीत नव्या होत्या. मावशी आरडाओरडा करत असेल तर काळजीचं कारण नसतं आणि तिचा आवाज खाली उतरला की आपण आधी दार गाठावं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यातली एक तर कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली, "आम्हीच सगळ्यांनी मिळून, मावशी. काल दुपारी. काय अवस्था होती हो तिची! आता बघा, आत तोंड दिसतंय."

बरणी पांढऱ्या फडक्यावर पालथी घातली होती. चिनीमातीची, पिवळट, गळ्याशी टवका उडालेली. मावशीने ती सुलटी केली, आत हात घातला आणि बोटं तळापर्यंत फिरवली. तळ कोरडा होता. बोटं नाकाशी नेली, तर साबणाचा वास आला.

"आणि आत होतं ते?"

"ते टाकलं ना. मोरीत. वास जाईना म्हणून वरून दोन किटल्या उकळतं पाणी ओतलं."

आता मात्र मावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि आवाजही त्याच वाटेने वर गेला. त्या दोघींनी कपबश्या तिथेच ठेवल्या आणि पाळकबाईंना बोलवायला पळ काढला.

आत होतं ते म्हणजे खमीर. बघायला गेलं तर मूठभर आंबलेली कणीक, चिकट, करड्या रंगाची, अंगावर भोकं पडलेली. ती मावशीच्या आजीने लावली होती. आजीकडून आईकडे आली, आईकडून मावशीकडे. रोज सकाळी त्यातलं अर्धं काढायचं, उरलेल्यात नवं पीठ आणि पाणी घालायचं आणि झाकून ठेवायचं. घरात लग्न असो की मयत, हे चुकवायचं नाही. आई म्हणायची, "बाळंतिणीला सुट्टी असते, बरणीला नसते."

मावशीने चौतीस वर्षं बेकरीत नोकरी केली. तिथे पुडीतलं यीस्ट घालून तिने किती पाव काढले असतील याची गणती नाही, आणि त्या पावांचा तिला ना अभिमान होता ना लाज. नोकरी ती नोकरी. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या टेबलावर जो एक मोठा पाव मोडला जाई, तो या बरणीतल्या खमिराचा असे. हा मान गेली एकेचाळीस वर्षं मावशीचा होता. मंडळीतल्या किती जणींनी तिच्याकडे चमचाभर खमीर मागितलं, पण मावशीने कुणाला दिलं नाही. "तुमच्या हातात आठवडाभर टिकायचं नाही ते," असं तोंडावर सांगून तिने बायकांना परत पाठवलं होतं.

बरणी चर्चमध्ये आली तीही नाइलाजाने. सुनेला दिवस गेले होते आणि आंबूस वासाने तिला भडभडून यायचं. मावशीने आधी थोडा तमाशा केला, मग मुलाचं तोंड बघून बरणी उचलली आणि चर्चच्या स्वयंपाकघरातल्या दगडी फळीवर आणून ठेवली. गेले दोन महिने ती रोज सकाळी सातला येऊन बरणीला पीठपाणी घालत होती. काल सकाळी खमीर झाकणाला टेकलं होतं. मावशी त्याला म्हणालीही होती, "उतू जाऊ नकोस, उद्या काम आहे."

पाळकबाई आल्या. पाळकाची बायको, वय सत्तावीस, आवाज मधाचा, साडीला एक सुरकुती नाही.

"मावशी, रागावू नका ना. खराब झालं होतं हो ते. बुडबुडे येत होते."

"बुडबुडे येत होते म्हणजे श्वास घेत होतं ते!"

"आणि आंबट वास येत होता."

"मग काय अत्तराचा यायला हवा होता?"

"गेल्या रविवारी साहेब उपदेशात म्हणाले ना, जुनं खमीर झाडून काढा म्हणून. सगळ्या बायकांना इतकं लागलं ते मनाला. म्हटलं, आपण स्वयंपाकघरापासूनच सुरुवात करू या." पाळकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खोटं नव्हतं, म्हणून मावशीला आणखीच चीड आली. रडणाऱ्या माणसावर धड ओरडताही येत नाही. "मी तुम्हाला नवीन आणून देते. दुकानात पुडी मिळते. इन्स्टंट. दहा मिनिटांत फुगतं."

"तुमची आजी वारली तेव्हा दुकानातून नवीन आणली होती का? इन्स्टंट?"

पाळकबाई पदराने डोळे पुसत निघून गेल्या. मावशी बरणी काखेत मारून तडक पाळकाच्या खोलीत शिरली.

पाळक नवा होता, येऊन आठ महिने झाले होते. बारीक अंगाचा आणि पुस्तकात नाक खुपसून बसणारा. बरणी बघितल्यावर तो उठून उभा राहिला. चूक कुणाचीही असो, उठून उभं राहायची त्याची पद्धत होती.

"झालं ते वाईट झालं, मावशी. मी माफी मागतो. बायकांनी माझं बोलणं शब्दशः घेतलं. मी बरणीबद्दल बोलत नव्हतो, माणसांबद्दल बोलत होतो."

"मग बरणीने काय घोडं मारलं होतं?"

"पण मावशी, रागावणार नसाल तर एक बोलतो. यातही काही संकेत असेल. वल्हांडणाच्या सणाला जेवणात बेखमीर, खमिराशिवायची भाकर होती. प्रभूने शिष्यांना मोडून दिली ती तीच असणार. शास्त्रात खमीर म्हटलं की बहुतेक ठिकाणी पापच समजायचं. जरासं शिरलं की सगळा गोळा नासतो. म्हणून यापुढे आपणही टेबलावर बेखमीरच ठेवावी असं माझ्या मनात आहे. मी एक पाकीट मागवून ठेवलंय." त्याने कपाटातून एक चपटं पाकीट काढून दाखवलं. आत कागदासारख्या पांढऱ्या चकत्या होत्या, सगळ्या एका मापाच्या.

"पाकीट कधी मागवलं?"

"मागच्या महिन्यात."

"म्हणजे बायकांनी बरणी धुवायच्या आधीच तुम्ही धुऊन मोकळे झाला होतात."

मावशीने बरणी त्याच्या पुस्तकांवर आदळली.

"मला अक्षरं कमी येतात, पण एकेचाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसून ऐकलंय मी. कापणीनंतर पन्नासाव्या दिवशी देवापुढे दोन भाकरी ठेवायच्या त्या खमीर घालूनच भाजायच्या, हे तुमच्याच शास्त्रात आहे की नाही?"

"आहे."

"आणि ती बाई? तीन मापं पिठात खमीर लपवून ठेवणारी? सगळं पीठ फुगेपर्यंत? स्वर्गाचं राज्य त्या खमिरासारखं आहे, असं खुद्द प्रभू म्हणाला. तिथेही पापच का?"

"त्यावर मतभेद आहेत, मावशी. काही अभ्यासक म्हणतात, तिथेही वाईटच पसरतंय असा अर्थ घ्यावा."

"म्हणजे ती बाईपण चुकली?"

"तसं नाही—"

"प्रभूने कौतुकाने जिची गोष्ट सांगितली, तिलाही तुमच्या शहाण्यांनी मंडळीबाहेर काढली! वा रे वा! हात वर करून काढली असेल!"

हे तोंडातून गेलं आणि मावशी एकदम थांबली. पाळकाला ते कळलं नाही. तो नवा होता. त्याला वाटलं, बाई दमली. त्याने खुर्ची पुढे केली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "परूश्यांच्या, त्या दिखाऊ धर्मपंडितांच्या खमिरापासून सावध राहा, असं प्रभू शिष्यांना म्हणाला तेव्हा त्याला ढोंग म्हणायचं होतं. आत एक, बाहेर एक. मला स्वतःला त्या खमिराची भीती वाटते. बाकीचं तुम्ही म्हणता तसंही असेल. उद्या सकाळी उपासनेआधी तुमचा पाव आला तर पावच मोडू. नाही आला तर हे पाकीट, आणि मग पुढेही तेच. चालेल?"

मावशी खुर्चीवर बसली नाही. तिने बरणी उचलली आणि बाहेर पडली.

पुडीतल्या यीस्टचा पाव तिने डोळे मिटून केला असता, आणि त्या मंडळीत कुणाच्या बापाला चवीतला फरक कळला नसता. पण तिला कळला असता. आजीच्या हाताला लागलेलं, आईच्या हाताला लागलेलं असं जगात एवढं एकच शिल्लक होतं, आणि ते काल मोरीतून गेलं. आता ते फक्त आणखी एका ठिकाणी होतं. आईने मरणाच्या आधी सांगितलं होतं, "अर्धं मी धाकटीला दिलंय. तुझं मेलं तर तिच्याकडून घे." त्यावर मावशी फणकारली होती, "माझं मरायचं नाही."

धाकटी बहीण पुलापलीकडे राहायची. चर्चपासून चालत अर्धा तास. मावशी एकोणीस वर्षं तो पूल ओलांडून गेली नव्हती.

पुलावर वारा होता आणि रिकाम्या बरणीत तो शिरून घुमत होता. मावशी चालता चालता एकेकाचा उद्धार करत होती. पाळकबाईंचा, त्यांच्या साबणाचा, पाळकाच्या पाकिटाचा, सुनेच्या नाकाचा. असं करता करता शिव्या द्यायला माणसंच उरली नाहीत, आणि मग तिला स्वतःकडे यावं लागलं.

धाकटीचा नवरा मंडळीचा गायनप्रमुख होता. आवाज असा, की ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत. घरी त्याचा हात चालायचा. एका दुपारी धाकटी मावशीच्या घरी आली ती डाव्या हाताने उजवं मनगट धरून. मावशीनेच ते फडक्याने बांधलं, मावशीनेच तिला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरने विचारलं तेव्हा मावशीनेच उत्तर दिलं, "पाय घसरला तिचा." धाकटीने फक्त मावशीकडे बघितलं. घरी जाताना मावशीने तिला समजावलं की घरचं घरात राहिलेलं बरं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ते हाड वाकडंच जुळलं. त्यानंतर वर्षभरात धाकटीने घर सोडलं, पुलापलीकडे खोली घेतली आणि पुढे एका विधुर पंप मेकॅनिकबरोबर राहू लागली. नवरा सोडचिठ्ठी द्यायला तयार नव्हता. त्याने चर्चमध्ये पुढे उभं राहून, गळा दाटून, तिच्यासाठी प्रार्थना मागितली. अख्खी मंडळी रडली.

मग सभा झाली. घड्याळं दुरुस्त करणारे एक वडील, म्हणजे मंडळीचे पंच होते, त्यांनी चष्मा लावून तोच उतारा वाचला. थोडंसं खमीर सगळा गोळा फुगवतं, म्हणून जुनं खमीर काढून टाका. ज्यांना हे मान्य असेल त्यांनी हात वर करा, असं ते म्हणाले. मावशी त्या दिवशी पाव मळता मळता उठून सभेला आली होती. पहिला हात तिचा वर गेला. लोकांनी नंतर कौतुक केलं, की बाई सत्याला धरून आहे, सख्ख्या बहिणीचीही भीड ठेवली नाही. मावशीला ते आवडलं होतं. ते आवडलं होतं हे आठवून पुलाच्या मध्यावर तिला आता इतका संताप आला, की तिने कठड्यावर हात आपटला. आत एक आणि बाहेर एक. त्या सभागृहात त्या दिवशी खमीर भरपूर होतं, फक्त ते धाकटीजवळ नव्हतं.

गायनप्रमुखाला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. चर्चमधल्या ऑर्गनवर त्याच्या नावाची पितळी पाटी होती आणि दर शनिवारी ती कुणीतरी पुसत असे.

गल्लीत शिरताच मावशी थबकली. तोच वास. आधी एका खिडकीतून आला, मग समोरच्या घरातून, मग वरच्या मजल्यावरून. तिला वाटलं, आपल्या नाकात बसलाय.

धाकटीच्या दाराशी पायरीवर पंप मेकॅनिक बसला होता. एका जुन्या पंपाची आतडी त्याने वर्तमानपत्रावर मांडून ठेवली होती. त्याने मावशीकडे पाहिलं, मग बरणीकडे पाहिलं.

"मेलं?"

"उकळतं पाणी," मावशी म्हणाली.

"च्च," तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात देऊन बाजूला सरकला. "अगं, बाहेर ये. तुझी बहीण आलीय."

धाकटी बाहेर आली. केस सगळे पांढरे. नर्सची नोकरी अजून चालू होती, पायात तेच पांढरे बूट होते. ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली आणि मावशी बाहेर.

"कोण गेलं?" धाकटीने विचारलं.

"कुणी नाही. चर्चमधल्या बायकांनी बरणी धुतली."

धाकटीला कळायला एक क्षण लागला. मग तिचं तोंड लाल झालं. "एकोणीस वर्षांनी आलीस ती पिठासाठी?"

"आईचं आहे ते."

"आईचं होतं. आता माझं आहे. आणि समोरच्या शिंपिणीचं आहे, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचं आहे, माझ्या वॉर्डातल्या चार आयांचं आहे."

"तू वाटलंस?" मावशीचा राग पुन्हा उसळला. "आईचं खमीर गल्लीभर वाटलंस?"

"रोज अर्धं काढावंच लागतं ना. मग देऊन टाकते. तू त्या अर्ध्याचं काय करत होतीस?"

मावशी बरणीच्या टवक्यावर अंगठा फिरवू लागली.

"मी विचारतेय, ताई. एकेचाळीस वर्षं रोज अर्धं. कुठे गेलं ते?"

"मोरीत," मावशी म्हणाली.

पायरीवर मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. धाकटी हसली, पण ते ऐकून कुणाला हसू आलं नसतं. "आणि त्या बायकांवर चिडून आलीस होय? त्यांनी एकदाच धुतलं गं. कशाला हवंय?"

"उद्याच्या पावाला. प्रभुभोजनाच्या."

"माझ्या हातचं चालेल तुमच्या टेबलाला? मी अजून बाहेरच आहे. आत घ्यायचा ठराव झाल्याचं मला कुणी कळवलं नाही."

मावशीच्या तोंडात एरवी शब्द कमी पडत नसत. आता मात्र एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "हात मी आधी वर केला होता."

"माहीत आहे. मी समोरच बसले होते. मनगटापर्यंत पीठ होतं तुझ्या हाताला. मला वाटलं, ताई पीठ झटकायला हात वर करतेय." धाकटीचा आवाज चिरकला आणि तिने तो रागाने सरळ केला. "शेजारणीने हात वर केला तेव्हा मला कळलं."

"डॉक्टरलाही मीच सांगितलं. पाय घसरला म्हणून."

"हो."

"पाय घसरला नव्हता."

"नव्हता."

"धाकटे, मी—"

"माफी मागू नकोस!" धाकटी इतक्या जोरात ओरडली की समोरची खिडकी उघडली. "मला नको ती. माफी मागून तू मोकळी होशील आणि घरी जाऊन झोपशील. मागितलीस तर चमचाभरसुद्धा देणार नाही."

मावशीने तोंड मिटलं. धाकटी आत गेली. आतून झाकणाचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती आणि वाटीत ते होतं, करडं, चिकट, फुगलेलं. मावशीला वासावरूनच कळलं. तिने बरणी पुढे केली, पण धाकटीने वाटी मागे घेतली.

"कुणाचं आहे ते सांगायचं. उद्या, सगळ्यांसमोर. आणि मनगटाचंही सांगायचं. गुपचूप नेऊन पिठात लपवायचं असेल तर आत्ताच सांग आणि तुमचं पाकीट खा."

मावशीला पाकिटाचं आश्चर्य वाटलं, धाकटीला कसं कळलं? मग लक्षात आलं, आजकाल सगळीच चर्चं पाकिटावर आली असणार. "सांगते," ती म्हणाली.

धाकटीने वाटी बरणीत निपटली. वाकड्या मनगटाने वाटी नीट कलती होत नव्हती, म्हणून तिने डाव्या हाताने आधार दिला. मावशी ते बघत राहिली.

दुपारी मावशीने बरणीला पीठपाणी घातलं, संध्याकाळी पीठ मळलं आणि गोळा ओल्या फडक्यात घरातच ठेवला. सुनेला तिने सांगितलं, "आज उलटी आली तर येऊ दे, पण बरणी हलणार नाही." सुनेने खिडकी उघडली. सकाळी उपासनेआधी पाव टेबलावर होता, वरून तडकलेला, अजून कोमट. शेजारी पाळकाने पाकीट ठेवलं होतं.

पाळक म्हणाला, प्रत्येकाने आपलं मन तपासावं. मंडळीने माना खाली घातल्या. मावशी उठून उभी राहिली.

"हा पाव माझ्या धाकट्या बहिणीच्या खमिराचा आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीचा होता, म्हणजे मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "जिला आपण एकोणीस वर्षांपूर्वी इथून काढलं. खमीर म्हणून काढलं. आपलं जे होतं ते परवा बायकांनी धुतलं, त्यांचा दोष नाही, रोज अर्धं मीच टाकत होते. आणि ऑर्गनवर ज्याच्या नावाची पाटी आहे, त्याने तिचं मनगट मोडलं होतं. ते मी बांधलं, आणि पाय घसरला असं खोटं मी सांगितलं. तुमच्यातल्या निम्म्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी माना खाली घातल्यात तशाच ठेवाव्यात."

कुणीतरी खोकलं. ऑर्गन वाजवणारी मुलगी पाटीवरून हात काढून बसली.

"तेव्हा हात वर करून काढलं. आताही हात वर करा. ज्यांना या पावातलं नको असेल त्यांनी."

पहिला हात घड्याळवाल्या वडिलांनी वर केला. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, पण त्यांनी तो खाली घेतला नाही. मागे आणखी एक वर गेला, आणि खिडकीपाशी एक. तीन. मावशीने तिन्ही चेहरे नीट बघून घेतले आणि खाली बसली.

पाळकाने पाकीट उचललं. त्याने ते टेबलाखाली ठेवलं, पाव दोन्ही हातांत घेतला आणि मोडला. आतली भोकं दिसली. सगळ्यात आधी पाळकबाई पुढे आल्या, डोळे सुजलेले, साडीला सुरकुत्या. मग हळूहळू बाकं उठली. काही जण उठून पुढे आले, काही उठून बाहेर गेले. मावशीने आपला तुकडा घेतला, तोंडात घातला नाही, रुमालात बांधला.

पूल ओलांडून ती पोचली तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं. दार धाकटीनेच उघडलं.

"सांगितलं," मावशी म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

"किती हात वर झाले?"

"तीन."

"आणि माझ्या वेळी?"

"सगळे."

धाकटीने मान हलवली, जणू वॉर्डातल्या रोग्याचा ताप ऐकला. मावशीने रुमाल सोडून तुकडा पुढे धरला. "तुझा आहे. एकोणीस वर्षांचा राहिलेला."

"मला नको तुमच्या टेबलावरचं." तिने तरी तो घेतला, नाकाशी नेला, कोपरा तोडून जिभेवर ठेवला. "मीठ कमी आहे. तू कायमच कमी घालतेस." आणि पाठ फिरवून ती ओट्याशी गेली. तिथे तिची बरणी होती, मावशीच्या बरणीची जोडीची, गळा शाबूत असलेली. उरलेला तुकडा तिने बोटांनी चुरून बरणीत टाकला, वर मूठभर पीठ आणि पाणी घातलं आणि चमच्याने ढवळू लागली. शिळा पाव आई असाच बरणीत घालायची. मावशी ते विसरून गेली होती.

मावशी उंबऱ्याबाहेर उभी होती. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं, आणि जा असंही म्हटलं नव्हतं. ढवळताना धाकटीच्या वाकड्या मनगटाचं हाड वरखाली होत होतं.

"दारात काय उभी राहिलीस!" धाकटी मागे न बघता खेकसली. "वारा लागतोय त्याला."

मावशीने चपला पायरीवर काढल्या, आत आली आणि दार लावून घेतलं.